तेरा थर, बारा पुस्तकं

मी एक शवपेटी बोलतोय. दचकायचं कारण नाही, मी तुमच्या मापाचा नाही. एकाच माणसाच्या मापानं मला कापलं आणि त्याच माणसानं मला बावीस वर्षं ताटकळत ठेवलं. पेटी म्हटलं तरी आवाज म्हाताऱ्या बाप्याचा आहे, त्याला माझा इलाज नाही. शाळा मी पाहिलेली नाही. माझ्या अंगावर जे रंगवलं तेवढंच मला ठाऊक. पण चांगली शिकलेली माणसंही तेवढंच वाचून बोलतात हे मी पाहिलंय, म्हणून लाज वाटत नाही.

आमच्या टेशी गावात, समुद्राच्या अंगाला, टेको सुताराचं दुकान आहे. इथे माणूस जसा जगला तशी त्याची पेटी. कोळी मेला तर मासा, कोकोवाला मेला तर कोकोचं बोंड, ट्रकवाला मेला तर चाकांसकट ट्रक. एका बाईनं जन्मभर कोंबड्या विकल्या, ती कोंबडीच्या पोटात निजून गेली आणि सगळं गाव पुढे नाचत होतं. मी पुस्तक आहे. माणसाच्या उंचीचं, जाडजूड, वरचं झाकण म्हणजे मुखपृष्ठ, बाजूंना पांढऱ्यावर काळ्या रेघा मारून पानं केलेली.

माझं लाकूड वावाच्या झाडाचं. हलकं आणि मऊ. जमिनीत लवकर मिळून जावं म्हणून तेच घेतात. मला काय माहीत जमीन इतकी लांब आहे.

ओडाय नॉर्टे हा लेखक. अद्भुत कादंबऱ्या लिहायचा. खाडीखाली राज्य आहे, तिथे मिठाची राणी आहे, खेकडे न्यायनिवाडा करतात, ताडाची झाडं उडतात, असलं. गावात त्याला मानानं अट्टा म्हणायचे, म्हणजे बाप. त्याची बायको ओबोशी ही केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेले मासे विकायची आणि न खपलेल्या कादंबऱ्यांच्या पानांत बांधून द्यायची. त्यामुळे गावात त्याची पानं प्रत्येकाच्या हातात होती.

एकसष्टाव्या वर्षी डॉक्टरनं त्याला सांगितलं, सहा महिने. दुसऱ्या दिवशी तो काखेत पुस्तक मारून टेकोकडे आला.

"कोण गेलं, अट्टा?" टेकोनं विचारलं.

"मीच."

"मग बसा की. उभ्यानं कशाला गेलात?"

ओडायनं पुस्तक फळीवर ठेवलं. "खाडीखालचं राज्य. माझं पहिलंच, आणि याहून चांगलं माझ्या हातून होणार नाही. असंच्या असं कर. मला यातच जायचंय."

टेकोनं जमिनीवर जिन दारूचे चार थेंब ओतले, पूर्वजांना सांगितलं आणि करवत घेतली. पंधरा दिवसांत मी तयार झालो. हिरवा रंग, त्यावर लाटा, लाटांखाली राजवाडा. मी दाराशी उभा राहिलो आणि वाट बघायला लागलो.

सहा महिने गेले. ओडाय नाही आला. म्हणजे आला, पण चालत. काखेत नवं पुस्तक.

"टेको, ते हिरवं पुसून टाक. पोरकट आहे. आता हे बघ, ‘उडत्या ताडाची सासुरवाडी’. याच्यापुढे ते काहीच नाही."

माझ्या तोंडावर सांगितलं. मी गप्प राहिलो, दुसरं काय करणार.

पुढे दर दीड-दोन वर्षांनी हेच. माणूस मरत नव्हता आणि लिहायचं थांबत नव्हता. नवं पुस्तक आलं की ते सगळ्यात थोर आणि कालचं म्हणजे कचरा. माझ्यावर थर चढत गेले, हिरव्यावर लाल, लालवर पिवळा. टेको वैतागायचा. त्याची पुस्तकांची पारख वेगळी होती. चित्र काढायला जेवढं अवघड, तेवढं पुस्तक वाईट. ‘खेकड्यांची कोर्टकचेरी’ला मुखपृष्ठावर चाळीस खेकडे होते आणि प्रत्येकाला दहा पाय.

"अट्टा, एकदा काय ते ठरवा," तो म्हणाला, "लिहिणार आहात की मरणार आहात? दोन्ही कामं माझ्याच्यानं होत नाहीत."

"तू रंगव रे. पुढचं सापाचं आहे. सापाला पाय नसतात."

एकदा मात्र तो नुसता आला. पुस्तक नाही, काही नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि छातीत खोकला. माझ्या कडेला टेकून बसला. "कुठलाही रंग दे," म्हणाला. टेकोकडे होडी रंगवून उरलेला निळा होता, तो त्यानं मला फासला. नाव नाही, चित्र नाही. वर्षभर मी तसाच निळा ठोकळा होतो. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि तो पुन्हा काखेत बाड मारून आला. मला हायसं वाटलं. का वाटलं, विचारू नका.

तर असे तेरा थर आणि बारा पुस्तकं. हा हिशेब माझ्या अंगावर आहे, कुणालाही मोजता येईल. पण बाहेर बघावं तर गोंधळ. छापखानेवाल्यानं एकच कादंबरी दोन नावांनी काढली होती, म्हणून बाजारातले लोक तेरा म्हणायचे. दुसऱ्या एका गावी दोन वेगळ्या कादंबऱ्या एकाच नावानं निघाल्या, तिथे अकरा. आणि त्र्याऐंशीव्या वर्षी ओडाय खरंच गेला तेव्हा घराण्यानं जो फोटोचा मोठा कागद भिंतीभिंतींवर चिकटवला त्यावर छापलं होतं, पन्नासहून अधिक ग्रंथांचे कर्ते. मेल्यावर माणूस भराभर लिहायला लागतो.

सहा आठवडे त्याला शवागारात थंड ठेवलं. इथे ते नेहमीचंच, पाहुणे जमायला वेळ लागतो. शनिवार ठरला. शनिवारच हवा होता, कारण सोमवारपासून ढोलबंदी. आमच्याकडे सणाआधी महिनाभर देव शांतता मागतात. ढोल नाही, गाणं नाही, माती देणं नाही. शनिवार चुकला तर त्या म्हाताऱ्याला आणखी महिनाभर बर्फात पडून राहावं लागणार होतं. ओबोशी एवढंच म्हणत होती, यांना थंडी सोसत नाही, शनिवारी घरी पोचवा.

आणि गुरुवारी विद्यापीठातून डॉक्टर सेनाया आले.

चष्मा, भिंग, छोटी सुरी आणि एक लांबलचक तक्ता. तक्त्यात उभे रकाने. अद्भुत प्राणी किती, उड्डाणं किती, शाप किती, राण्या किती, पानं किती, एकूण गुण किती. ओडायच्या साऱ्या कादंबऱ्यांची सूची करून त्या एकमेकींशी ताडून बघायच्या, हे त्यांचं नऊ वर्षांचं काम. कुणी मुखपृष्ठ फाडून नेलेलं, कुणी तारीखच छापलेली नाही, म्हणून काम अडलेलं. कुणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं.

त्यांनी माझ्या पायाकडच्या बाजूला सुरी लावली आणि खरवडलं. एकेक रंग थोडा थोडा उघडा करत जिन्यासारख्या तेरा पायऱ्या केल्या. बावीस वर्षांत माझ्याकडे कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं, हे कबूल करतो. पण दुखलं.

"ही पेटी नाही," डॉक्टर उठून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ही संपूर्ण, कालानुक्रमे सूची आहे! आणि हा सातवा थर बघा. निळा, निनावी. हरवलेली तेरावी कादंबरी! मी याला नीलकाळ म्हणेन."

"होडीचा रंग आहे तो," टेको म्हणाला.

"अर्थातच. होडी हे प्रतीक आहे."

ओबोशी माशाची टोपली घेऊन दारात उभी होती. "डॉक्टरसाहेब, त्या वर्षी यांनी काही लिहिलं नाही हो. नुसते खोकत होते."

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाले, हा ठेवा जमिनीत घालणं म्हणजे पाप आहे. शनिवारी नऊला संग्रहालयाची गाडी येईल.

ओडायचा धाकटा भाऊ कोटे घराण्याचा कारभारी. आधी त्यानं मान हलवली, नाही म्हणून. मग डॉक्टर म्हणाले की काचेखाली पितळी पाटी लागेल, तिच्यावर घराण्याचं आणि देणाऱ्याचं नाव असेल. त्यावर मान दुसरीकडून हलली.

"वहिनी, विचार कर. पितळेची पाटी!"

"आणि यांना कशात नेणार, भावोजी? पाटीत?"

कोटेनं टेकोकडे पाहिलं. टेकोनं खाली पाहिलं. "एक तयार आहे," तो पुटपुटला. "कांदा आहे. गिऱ्हाईक बरं होऊन घरी गेलं."

"माझा नवरा कांद्यात?"

"वर नाव लिहू की, मोठ्या अक्षरात," कोटे म्हणाला.

ओबोशीनं टोपली खाली ठेवली. "डॉक्टरसाहेब, एक विचारते. त्या बारांतलं एखादं तरी वाचलंत का?"

"मी सगळ्यांची सूची केली आहे."

"वाचलंत का विचारलं."

"वाचन हा पुढचा टप्पा आहे, आवो," डॉक्टर अदबीनं म्हणाले. आवो म्हणजे आई. "आधी वर्गीकरण."

ओबोशी टोपली उचलून गेली. मला वाटलं, संपलं. मी काचेत आणि तो कांद्यात. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो आता माझ्यात येणारसुद्धा नाही. लाकडाला रडता येत नाही, राळ गळते, पण माझ्यावर इतका रंग होता की तीही बाहेर येईना.

शनिवारी उजाडता उजाडता दुकानापुढे गाडी थांबली. मी म्हटलं आली संग्रहालयाची. पण उतरल्या बाया. ओबोशी, तिच्या दोन नणंदा, मागे चार कोळी. त्यांच्या हातांवर शवागारातून आणलेला ओडाय. त्यांनी त्याला तिथेच अंघोळ घातली, पांढरं नेसवलं, डोक्याला तेल लावलं. टेकोनं माझं झाकण उचललं.

आणि त्याला माझ्यात निजवलं.

काय सांगू. मी त्याला चांगला जड समजत होतो. म्हातारा पिसासारखा होता. अंगठ्याला शाईचा डाग, तो धुतल्यावरही गेला नव्हता. डावा खांदा थोडा अडला, मग बसला. ओबोशीनं जिन ओतली, त्याचं नाव घेतलं आणि म्हणाली, "झालं. आता पडा."

एकदा मेलेल्याला पेटीत घातलं, जिन ओतून नाव घेतलं, की ती पेटी त्याची. आमच्याकडे कुणी तिला हात लावून त्याला बाहेर काढणार नाही. सरकार आलं तरी नाही.

नऊला डॉक्टर आले. बरोबर चार हमाल. झाकण उघडं होतं. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि चष्मा काढला.

"रिकामी करा," ते हमालांना म्हणाले, पण आवाज बारीक होता.

"नाही साहेब," त्यातला मोठा म्हणाला. "आमच्याही घरात माणसं आहेत."

कोटे मधे पडला. "वहिनी, हे काय केलंस! पाटीचं सगळं ठरलं होतं."

"मग न्या की," ओबोशी म्हणाली. "दोघांना न्या, काचेत ठेवा. फक्त बाराच्या ठोक्याला केंके ठेवत जा. यांना जेवण वेळेवर लागतं."

हमाल हसले. टेको हसला. शेवटी कोटेही तोंड फिरवून हसला. डॉक्टर माझ्याशेजारी लाकडाच्या भुशातच बसले. मग तक्ता उघडून म्हणाले, "आवो, निदान एवढं सांगा. सगळ्यांत श्रेष्ठ कुठली? माझ्या गुणांप्रमाणे सापाची येते."

ओबोशीनं विचार केला. "जी लिहिताना हाकेसरशी जेवायला उठायचे, त्यातली एकही बरी नव्हती. साप लिहिताना तर दोनदा वाढून घ्यायचे."

"आणि कुठल्या वेळी उठत नसत?"

"खेकडे. तीन महिने रोज मासा गार." ती म्हणाली. "मी दारात ताट घेऊन उभी राहायची आणि हे आत एकटेच हसायचे. मग मलाही वाचून दाखवायचे. मला केंके विकायला जायला उशीर व्हायचा."

डॉक्टरांनी पट्टी काढून तक्त्यात एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, ‘मासा’. मग लिहिता लिहिता थांबले आणि विचारलं, "एखादी प्रत मिळेल का? खेकड्यांची?"

"घरी या. अर्धी आहे. अर्ध्यात मासे गेले."

आता मी सहा कोळ्यांच्या खांद्यांवर आहे. ढोल फुटेस्तोवर वाजतायत, सोमवारपासून गप्प बसायचं आहे म्हणून आज दुप्पट. आमच्याकडे म्हणतात की मेलेला माणूस पेटीला हवं तिकडे ओढतो. मघाशी आम्ही मोटारतळाकडे वळलो, त्याची पुस्तकं सुतळीत बांधून विकतात तिथे, मग ओबोशीच्या चुलीकडे, तिथे तर तीन गिरक्या घेतल्या. कोळी शपथेवर सांगतायत, आम्ही नाही वळलो. मीही नाही. डॉक्टर बूट हातात घेऊन मागून पळतायत, तक्ता कुठे पडला त्यांना माहीत नाही.

खड्डा दिसतोय. वावाचं लाकूड लवकर मिळून जाईल, रंग राहील काही दिवस. पुढे कुणा शहाण्याला वाटेल की एकदा वर काढून थर पुन्हा मोजावेत. माझं एवढंच मागणं आहे, मोजायचं असेल तर वर मोजा, मोटारतळावर, सुतळी सोडून, पहिल्या पानापासून. खाली येऊ नका. आत जागा नाही.