चौथ्या गटाचा पूल

आमच्या कॉलेजात शिकायला येतात ते सगळे पन्नाशीच्या आसपासचे. ब्रिगेडियर, नौदल आणि हवाई दलातले त्यांच्या बरोबरीचे, पोलिसांतले बडे अधिकारी, दोनचार सचिव. वर्षभर त्यांनी गणवेश घालायचा नाही, हुद्दा मिरवायचा नाही, बाकावर बसायचं आणि देश कसा सांभाळतात ते शिकायचं. वर्ष संपताना प्राचार्य प्रत्येकाचा अहवाल वर पाठवतात. कोणाला मोठी जबाबदारी द्यायची आणि कोणाला निवृत्तीपर्यंत फायली चाळत बसवायचं, ते त्या अहवालावर ठरतं.

मी तिथली नकाशाबाई. एकवीस वर्षं झाली. शेवटच्या मोठ्या सरावासाठी एक खोटा देश लागतो. त्याच्या नद्या, डोंगर, गावं मी काढते. सहा गट, म्हणून सहा प्रती, सगळ्या हाताने. जुन्या तुकडीच्या वह्या नव्या तुकडीच्या हाती बरोबर लागतात, त्यामुळे दरवर्षी काहीतरी हलवावं लागतं; कधी धरण, कधी रस्ता. मी फटकळ आहे, हे मला माहीत आहे आणि विसरले तर आठवण करून देणारे आहेतच. नकाशावर चहाचा कप ठेवला म्हणून मी एका नौदलवाल्या साहेबांना खोलीबाहेर काढलं होतं.

यंदाच्या तुकडीतल्या एका ब्रिगेडियरशी माझं पहिल्याच आठवड्यात फाटलं.

"बाई, ही अक्षरं काय मुंग्यांना वाचायला काढलीत?"

"सर, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

पुढे रंग फिके आहेत, कागद जाड आहे, घडी नीट पडत नाही, असं त्यांचं रोज काहीतरी चालूच. मी त्यांचं नाव तक्रारसाहेब ठेवलं. सरावात चौथ्या गटाचे प्रमुख तेच झाले.

सराव तीन दिवसांचा. खोट्या देशात सीमेवर गोळीबार सुरू आहे, वर पाऊस कोसळतोय आणि नदीकाठच्या एका शहरातली चाळीस हजार माणसं पलीकडे न्यायची आहेत. पाच गटांनी ती पुलावरून नेली. चौथ्या गटाने मात्र, जिथे पाणी गुडघाभर असतं तिथून, लोकांना नदीत उतरवलं. दुपारी सराव चालवणाऱ्या पंचांनी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. कागदावर दोन हजार माणसं वाहून गेली.

"धडधडीत पूल असताना पाण्यात उतरवली!" कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या तोंडी तेच. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मनातून बरं वाटलं.

सराव संपला की नकाशे माझ्याकडे परत येतात. प्रत्येक प्रत काचेच्या टेबलावर मूळ नकाशावर ठेवून, खालून दिवा लावून मी ताडून बघते. चौथ्या गटाची प्रत ठेवली आणि दिवा लावला. तिच्यावर पूलच नव्हता. यंदा मी पूल हलवला होता. जुन्या जागेवरून सहाही प्रतींवर खोडला आणि नव्या जागी फक्त पाचांवर काढला.

खरं तर प्रत्येक प्रतीवर दुसऱ्या माणसाने तपासून सही करायची असते. नोंदकक्षातले काका "आणा, एकदा नजर फिरवतो" म्हणाले होते. "एकवीस वर्षांत एक तरी चूक सापडली का?" असं मी त्यांना फाडकन विचारलं. माझ्या तोंडी कोण लागणार? काकांनी न बघता सह्या केल्या.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी निवडत होता.

"अगं, त्यांना कळलंय का?"

"कसं कळेल? कळलं असतं तर तो माणूस गप्प बसला असता होय? अक्षरांवरून भांडतो माझ्याशी!"

"मग कुणालाच कळणार नाही. तुझी तीन वर्षं राहिलीत नोकरीची."

"अहो, पण त्यांचा अहवाल उद्या लिहितील. अख्ख्या आयुष्याचं वाटोळं होईल त्यांच्या."

"तू सांगणार आहेस, हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "आधी दोन घास खाऊन घे."

दुसऱ्या दिवशी आढावा बैठक होती. आमच्याकडे एक रीत आहे. बैठकीत प्रत्येक प्रमुखाने उभं राहून आधी स्वतःची चूक सांगायची. दुसऱ्यांच्या चुकांवर बोलायची परवानगी त्यानंतर. आम्ही कर्मचारी भिंतीला टेकून नकाशे घेऊन उभे असतो, आम्ही बोलायचं नसतं.

तक्रारसाहेब उभे राहिले. "नदीची पाहणी करायला मी एकही माणूस पाठवला नाही. पंचांना एक प्रश्न विचारला असता तर दोन हजार माणसं वाचली असती. आदेश माझा, चूक माझी." एवढं बोलून ते बसले.

प्राचार्यांनी पेन उचललं आणि मी पुढे झाले. नकाशा हातात थरथरत होता. "सर, चूक माझी आहे. यांच्या प्रतीवर मी पूल काढलाच नव्हता."

प्राचार्यांनी नकाशा बघितला, मग ब्रिगेडियरकडे वळले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"काल दुपारी कळलं, सर. शेजारच्या टेबलावरचा नकाशा दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"माणसं तोवर पाण्यात गेली होती. खऱ्या लढाईत तरी कुठला नकाशा पूर्ण असतो? आणि नकाशा काढणारा कुणाला पाण्यात उतरवत नाही, सर. मी उतरवलं."

मुंग्यांएवढ्या अक्षरांवरून वर्षभर माझं डोकं खाणारा हा माणूस, अख्ख्या पुलाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

"बाई, तुम्हाला लेखी ताकीद मिळेल," प्राचार्य म्हणाले.

"मिळायलाच हवी, सर."

मग त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. अहवालातलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. "यांच्या हाताखाली मी माझ्या मुलाला पाठवीन." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते. प्राचार्यांचे, त्या ब्रिगेडियरचे, दोघांचे उपकार त्या क्षणी माझ्या छातीत मावत नव्हते.

तुकडी निघाली त्या दिवशी ते नकाशाखोलीत आले. मी दोन दिवस घोकून ठेवलेलं बोलायला तोंड उघडलं. "सर, तुम्ही माझ्यासाठी..."

"थांबा बाई. आभार मानायला मी आलोय."

"तुम्ही? ते कशाबद्दल?"

"तीस वर्षांत माझ्या हाताखालचा एकही माणूस स्वतःहून पुढे येऊन 'चूक माझी' म्हणाला नाही. मला वाटायचं, आपली माणसं चुकतच नाहीत. छाती फुगवून सांगायचो मी हे सगळीकडे. परवा तुमचे हात थरथरताना बघितले आणि लख्ख कळलं. चुकत होती हो. मला सांगायला घाबरत होती."

मला काकांचा चेहरा आठवला. न बघता केलेल्या त्या सहा सह्या आठवल्या.

"मलाही घाबरतात, सर," मी म्हणाले.