पोटावर लिहिलेले पासष्ट

मी एक जुनी वाळूची गोणी आहे. मित्रांनो, गोणीला कसले आले आत्मवृत्त, असे तुम्ही म्हणाल. पण गेली नऊ वर्षे मी माणसाच्या जागी बसत आले आहे, आणि माणसाच्या जागी बसणाऱ्याला एकदा तरी जबाब द्यावा लागतो. तो मी आज देते आहे.

माझे जाड खाकी कापड भिवंडीच्याच एका लूमवर विणले गेले. ते बेतून शिवले ठमाबाईने. मानकोलीला गोदामांच्या रांगेमागे एक उंच शेड आहे. जवळच्या पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांचे थकलेले डबे तिथे ट्रेलरवरून येतात. स्प्रिंगा बदलून, पायऱ्या नव्या बसवून, तपासून ते परत जातात. त्या शेडसाठी आम्ही तीनशे वीस जणी जन्मलो. प्रत्येकीला काट्यावर ठेवून वाळू भरली, काटा पासष्ट किलोंवर थांबला तेव्हा तोंड शिवले आणि पोटावर काळ्या रंगात ६५ असा आकडा काढला. माझ्या पाठीवर आणखी एक आकडा आहे, एकशे चौदा. तो माझा क्रमांक.

आमचे काम साधे होते. माणसांनी भरल्यावर डबा किती खाली बसतो, हे तो रुळावर जाण्याआधी पाहावे लागते. त्यासाठी खरी माणसे बसवत नाहीत; माणसामागे एक गोणी बसवतात. गोणी हा आदर्श प्रवासी आहे. ती बोलत नाही, तक्रार करत नाही, आणि तिचे वजन तिच्या पोटावर लिहिलेले असते.

आम्हाला बसवण्याचे काम राघोचे. राघो पडघ्याकडचा, पन्नाशी ओलांडलेला. पहिल्या दिवशी त्याने मला पाठीवरून उतरवले, दाराजवळच्या बाकावर टेकवले आणि म्हणाला, "बसा बाई. खिडकी तुमची." शेजारच्या गोणीला म्हणाला, "तुमी जरा सरकून घ्या, पाव्हनं येतायत." पहिली काही वर्षे मी फार अभिमानाने बसले. पाहुण्यांना शेड दाखवताना साहेब माझ्यावर थाप मारीत आणि म्हणत, "हा आमचा सर्वांत प्रामाणिक प्रवासी."

मित्रांनो, शिवण म्हणजे शेवटी दोऱ्याचीच. दर चाचणीला तीनदा उचलले, तीनदा आदळले की ती सैल होते. भोक पडले की ठमाबाई येऊन टाका घाली. टाक्याने भोक बुजते. जे सांडून गेले ते परत येत नाही. रोज संध्याकाळी आमची वाळू खराट्याने गोळा होई आणि पावसाळ्यात फाटकापाशी चिखलावर पसरली जाई. साहेबांचे बूट तिच्यावरून कोरडे आत येत.

शेडमध्ये परदेशी बनावटीचे एक यंत्र होते. डबा किती दबला, हे ते अर्ध्या मिलिमीटरपर्यंत सांगे. काटा मात्र कोपऱ्यात होता आणि त्यावर चहाचा ट्रे ठेवत. चाचणीच्या फॉर्मवर 'गोण्यांची संख्या' असा रकाना होता, वजनाचा नव्हता. ज्यांनी तो फॉर्म बनवला ते सगळे पदवीधर होते. तीनशे वीस मोजून तीनशे वीस लिहिले की शास्त्राचे समाधान होई.

एके दिवशी राघोने मला पाठीवर घेतले आणि जागच्या जागी एकदा उचकावून पाहिले. मग हळूच म्हणाला, "हलकी झालीस गं." त्याने इकडे तिकडे पाहिले. "बरंच झालं. माझी पाठ बी आता पयल्यासारखी न्हाय."

मला आनंद झाला. कबुली द्यायची तर ही द्यायला हवी. त्या माणसाच्या कण्याला माझ्यामुळे थोडा आराम मिळतो आहे, एवढेच मला दिसले. त्यानंतर तीन वर्षे आम्ही दोघे गप्प राहिलो. मला वाचा नव्हती, ही सबब माझ्यापाशी आहे. ती मला पुरत नाही.

पुढे धम्मदिना नावाची तरुण अभियंता चाचणीच्या कामावर आली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारले, "राघोकाका, या गोण्यांचं वजन शेवटचं कधी केलं होतं?"

"लिवलंय की पोटावर."

"ते भरताना लिहिलेलं. त्यानंतर?"

"त्यानंतर पोट तेच हाय ना, ताई," राघो म्हणाला आणि हसला. तीही हसली. तिने तीनशे वीस लिहिले आणि सही केली.

त्या वर्षी डब्यांचा आराखडा बदलला. म्हाताऱ्या माणसांना, लुगडे नेसलेल्या बायांना चढायला सोपे जावे म्हणून दाराची पायरी चार बोटे खाली आणली. विचार चांगला होता. फक्त पूर्ण भरलेला डबा ठरल्या खुणेच्या खाली दबता कामा नये, नाहीतर पायरी फलाटाच्या कडेला लागली असती. आम्ही तशा पहिल्या डब्यात बसलो. डबा खुणेच्या बोटभर वर थांबला. पास झाला. तशाच आराखड्याचे आणखी चार डबे आमच्यावर पास झाले.

ते डबे रुळावर गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात धम्मदिना सकाळी वर्तमानपत्र घेऊन आली आणि उभ्यानेच वाचू लागली. अंबाडीची द्रौपदी नावाची बाई, लोकांकडे स्वयंपाकाची कामे करणारी. गच्च भरलेली गाडी लहानशा स्टेशनात शिरत होती. उतरण्यासाठी ती पायरीवर आली. पायरी फलाटावर घासून वाकली आणि तिचा उजवा पाय मध्ये सापडला. घोट्यापासून काढावा लागला. शेवटी डब्याचा क्रमांक होता, आमच्यावर पास झालेल्या त्या पहिल्या डब्याचा. तो ऐकताच राघो माझ्यावर बसला. नऊ वर्षांत तो माझ्यावर कधी बसला नव्हता.

चौकशी मंगळवारी येणार होती. चाचणीप्रमुख चिंतामणी साहेबांनी रविवारी सकाळीच सगळ्यांना बोलावले. शेडच्या दारात ताज्या वाळूचा ढीग होता.

"सगळ्या गोण्या आज पूर्ण भरून घ्यायच्या," साहेब म्हणाले. "नेहमीच्या देखभालीचा भाग आहे."

"सर, आधी वजन करू या," धम्मदिना म्हणाली. "याच गोण्यांवर पास झालेले चार डबे अजून चालू आहेत."

"ते पास झालेले डबे आहेत."

"त्यांत माणसं बसतात, सर."

"नोंदीप्रमाणे माणसं बसवूनच ते पास झालेत. तुमचीच सही आहे त्यावर. राघो, फावडं घे."

राघोने फावडे घेतले. माझ्यापाशी आला, माझ्या पोटावरच्या आकड्याकडे पाहत राहिला. मग फावडे भिंतीला टेकवून तो कोपऱ्यात गेला, चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला, मला उचलले आणि काट्यावर घातले.

काटा एकोणपन्नासवर थांबला.

"सोळा किलो गेले," राघो म्हणाला. "मला ठावं होतं, साहेब."

"तुला काय ठाऊक असणार?"

"पाठीला ठावं होतं. तीन वरसं. मला सोपं जात होतं, म्हनून बोललो न्हाय." मग तो धम्मदिनाकडे वळला. "लिव, ताई. माजं नाव बी लिव."

तिने रजिस्टर उघडले. माझा आकडा लिहिला, राघोचे नाव लिहिले, आणि खाली स्वतःचे: मी विचारले होते, उत्तर पटले नव्हते, तरी सही केली. साहेब निघून गेले. दोघांनी दिवस मावळेपर्यंत तीनशे वीस गोण्या एकेक करून काट्यावर चढवल्या. पासष्टची एकही निघाली नाही.

सोमवारी रजिस्टर वर गेले आणि चारही डबे थांबवले. खऱ्या वजनाने भरल्यावर त्यांतले दोन खुणेच्या खाली गेले. त्यांच्या स्प्रिंगा बदलल्या. चिंतामणी साहेबांची बदली झाली. सध्या ते दुसऱ्या शहरात मोजमापातील अचूकतेवर व्याख्याने देतात. धम्मदिनाची पगारवाढ रोखली. द्रौपदीचा पाय कोणत्याही रजिस्टरने परत आणला नाही.

आता काटा शेडच्या दारातच असतो आणि दर चाचणीआधी आम्ही त्यावर चढतो. मला पुन्हा भरल्यावर राघोने कमरेला पट्टा बांधून मला उचलले. त्याच्या तोंडून कण्हणे निघाले. मला दाराजवळच्या बाकावर टेकवून तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. खिडकी तुमची, असे तो म्हणाला नाही.

"आता माणसाएवढी झालीस," एवढेच म्हणाला.

मित्रांनो, मला झाकून ठेवा, उन्हापावसापासून जपा, असे मी मागत नाही. माझ्या पोटावरच्या आकड्यावर तेवढा विश्वास ठेवू नका. मला काट्यावर घाला. आणि कधी उचलताना मी हलकी लागले, तर बरे वाटून घेऊ नका. जे कमी झाले आहे, त्याच्या जागी कोणीतरी पाय ठेवणार आहे.