खानदानी दमा

सन अडतीसची गोष्ट. बिसरामला दमा जडला तो तंबाखूच्या खोलीत, हे त्याच्या बायकोला, शामकलाला, पक्कं ठाऊक होतं. गोंदियाच्या एका बिडी कारखान्यात तो सात वर्षं तंबाखू चाळत होता. वाऱ्यानं माल उडू नये म्हणून मुकादम टेकचंदनं खिडक्यांना खिळेच ठोकले होते. आधी खोकला, मग छातीत शिट्टी, मग पायरीवर बसून घोटभर हवेसाठी तडफड. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, दमा काहींच्या घराण्यात असतो, काहींना थंडीनं उठतो, याला मात्र धुळीनं जडलाय. त्या खोलीतून काढा याला. टेकचंदनं काढलं नाही. बिसराम गेला.

वर प्रकरण अंगाशी येऊ नये म्हणून हा शहाणा मुकादम गावभर सांगत सुटला, "दमा तो खानदानी होता है. खून में ही था उसके." ते बोलणं सौंदडला मुलाकडच्यांपर्यंत पोचलं आणि शामकलाच्या लेकीचं, चमेलीचं, जमलेलं लग्न मोडलं. नवऱ्याचं मरण शामकलानं कसंबसं गिळलं होतं. हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

तिनं मुलाच्या बापाला, उदेभानला, निरोप धाडला, "लग्न नका करू, पण एक डाव कारखान्यावर येऊन आयकून जा." तो आला तेव्हा शामकलाबरोबर तिथं बिड्या वळणाऱ्या बाया दुपारच्या जेवणाला बाहेर पडत होत्या. निघताना त्यांनी तंबाखूची चार रिकामी पोती मुद्दाम त्या खिळे ठोकलेल्या खोलीतच झाडली. टेकचंद रोजच्यासारखा माल बघायला आत शिरला आणि शामकलानं बाहेरून कडी घातली.

आधी शिव्या आल्या. मग ठसका. मग दारावर थापा.

"मुकादम, तुमच्या बापाले होता का जी दमा?"

"नहीं! दरवाजा खोल!"

"आज्याले?"

"किसी को नहीं था!"

"मंग तुमचा दम कायले कोंडून राहिला?"

आत बराच वेळ नुसती घरघर. "धूल से... तंबाखू की धूल से!"

"अन् माह्या माणसाले?"

"उसको भी. मैं झूठ बोला था!"

उदेभाननं मान खाली घातली. "आयकलं मी, विहीणबाई. पोरगी माह्याच घरी येईल. उघडा आता, मरंल तो."

"नाही मरत," शामकला म्हणाली. "माह्या माणसाले मराले सात वर्षं लागले."

आणि दाराला पाठ लावून तिनं शिदोरी सोडली.