वाटेतलं फ्रेस्नो

“त्या फ्लॅटचं नाव नका घेऊ, काका,” पाकू म्हणाली. “झुरळं होती तिथं. बाबांना परत कशाला न्यायचं?”

“झुरळं असोत नाहीतर साप,” झोंगकाका म्हणाले. “तिथलं पाणी प्यायलाय ना तो? मग तिथं थांबून आभार मानल्याशिवाय पुढं कसं जायचं?”

सगळे ब्लियाच्या स्वयंपाकघरात बसले होते. बाहेर सेंट पॉलचा बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढला होता. टेबलावर सोनेरी कागदांचा ढीग होता. मायलेकी दोघी त्या कागदांच्या, मेलेल्याबरोबर जाळायच्या, होड्या करत होत्या. ब्लियाचा नवरा न्हियातोंग परवा गेला होता, आणि शुक्रवारी सकाळी झोंगकाका त्याला वाट दाखवणारं गाणं म्हणणार होते. एरवी ते शाळेची बस चालवत. पण लाओसच्या डोंगरांतून निर्वासित होऊन अमेरिकेत आलेल्या ह्मोंग लोकांच्या घरात कुणी गेलं की त्यांनाच बोलावणं यायचं. माणूस जिथं जिथं राहिला, ती प्रत्येक जागा शेवटापासून मागं घेत घेत ते त्याला जन्मगावी नेऊन सोडत. तिथं त्याची जन्मवेळची वार पुरलेली असते. ती वार म्हणजे आईच्या पोटातला पहिला सदरा; तो अंगावर चढवला, की मग पूर्वजांकडं जायचं.

“बरं. हे घर झालं,” काका म्हणाले. “ह्याच्या आधी?”

“झुरळांचा फ्लॅट,” पाकू म्हणाली.

“मधलं काही?”

पाकूचे हात थांबले. फ्रिजला टेकून उभा असलेला थोरला मुलगा येंग म्हणाला, “मधलं काही नाही.”

झोंगकाकांना माहीत होतं. त्यांच्या सगळ्या लोर कुळाला माहीत होतं. येंग शाळेत असताना न्हियातोंग एका सकाळी त्या फ्लॅटमधून बॅग भरून कॅलिफोर्नियाला निघून गेला होता. तिथं एका बाईबरोबर राहिला. दोन हिवाळे ब्लियानं हॉस्पिटलच्या लाँड्रीत दुहेरी पाळ्या केल्या, मुलांना घेऊन या घरात राहायला आली, कामावरून येऊन दारातला बर्फ उपसला. मग तो परत आला, तीच बॅग घेऊन. तिनं भात वाढला. त्यावर त्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही. येंग तर बापाशी कामापुरतंच बोलायचा.

“वहिनी,” झोंगकाका म्हणाले, “एक जागा गाळली तर तो तिथंच अडकून राहील. नंतर माझ्या स्वप्नात येऊन शिव्या घालील.”

“तिथं अडकू दे की,” येंग म्हणाला. “स्वतःच्या पायानं गेला होता.”

“अरे, तीनशे माणसं असतील अंत्यविधीच्या हॉलमध्ये,” पाकू कळवळून म्हणाली. “त्यांच्यासमोर आईनं ते ऐकायचं?”

“काका, ते नाव घेतलंत तर मी हॉलमध्ये थांबणार नाही,” येंग म्हणाला. “आधीच सांगतो.”

ब्लियानं हातातली होडी पुरी केली, बोटानं तिची कड दाबली आणि ढिगावर ठेवली.

“फ्रेस्नो,” ती म्हणाली. “कालव्याच्या कडेची गल्ली. निळं घर. दारात गवती चहा लावला होता त्यानं.”

पाकू बघतच राहिली. “तुला काय माहीत?”

“नव्या वर्षाच्या जत्रेला तिकडं गेले होते ना मावशीच्या व्हॅनमधून. तेव्हा म्हटलं, जरा त्या गल्लीतून घ्या. तो पाणी घालत होता.”

“आणि?”

“आणि काय. मी उतरले नाही.”

येंग कोट घेऊन बाहेर गेला. बराच वेळ फावड्याचा आवाज येत राहिला.

शुक्रवारी हॉल भरला होता. न्हियातोंगच्या पायात भांगेच्या धाग्याच्या चपला होत्या, अंगात ब्लियानं कधीच शिवून ठेवलेला काळा कोट. झोंगकाका शवपेटीशेजारी बसले आणि हळू, सपाट आवाजात त्यांनी त्याला उठवलं. चल बाबा, आता निघायचं. या घरानं तुला छप्पर दिलं, या चुलीनं ऊब दिली, त्यांचे आभार मान आणि चल.

मग फ्रेस्नोचं नाव आलं. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनी ब्लियाकडं पाहिलं. येंग तिच्या शेजारून उठला आणि दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. बाहेर मात्र गेला नाही. ब्लिया मान ताठ ठेवून ऐकत होती. कालव्याच्या पाण्याचे आभार. निळ्या घराच्या छपराचे आभार. त्या घरातल्या हातानं रांधलेल्या भाताचे आभार. हे काकांनी मनानंच घातलं होतं. तिला वाईट वाटलं असं नाही. खाल्ला होता त्यानं तो भात.

“आता इथून ऊठ,” काका गात होते, “मागं वळ. बर्फाच्या गावी चल. दोन जिने चढ, डाव्या हाताचं दार.”

झुरळांचा फ्लॅट. तिथं ती होती, मुलं लहान होती. तिथून पुढं निर्वासितांची छावणी, मेकाँग नदी, डोंगर, सगळीकडं ती त्याच्याबरोबरच असणार होती.

ब्लियानं नकळत पाय आवरून घेतले, मांडीवरची शाल गोळा केली आणि शेजारची खुर्ची मोकळी केली, कुणी बाहेरून दमून आलं की करतात तशी.

येंगनं ते दारातून पाहिलं. त्याला वाटलं, आई आपल्यालाच बोलावते आहे. तो आला आणि तिच्याजवळ बसला.

त्याचा गार हात तिनं आपल्या शालीखाली घेतला.