डावीकडची जागा

पिवळा रेनकोट. गळ्यापर्यंत सगळी बटणे लावलेली.

पत्र्यात पडलेला गुडघ्याएवढा खड्डा.

कोथिंबिरीची एक जुडी, कुणी न मागता टाकलेली.

रस्त्यावर वाळूची बारीक रेघ, बिबवेवाडीपासून मंडईपर्यंत. दुपारच्या सरीने पुसलेली.

"डावं."

मित्रांनो, मी एक जुनी साईडकार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिले नसेल. स्कूटरच्या डाव्या अंगाला जोडलेली, होडीच्या आकाराची, एका माणसाची जागा. मला इंजिन नाही. हँडल नाही, ब्रेक नाही. मला फक्त एक चाक आहे आणि एक स्प्रिंग. स्कूटर जाते, मी नेली जाते. तिची दोन आणि माझे एक, अशी आमची तीन चाके.

भवानी पेठेतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात मला ठोकले. निळा रंग दिला. तळाला एक भोक ठेवले, पावसाचे पाणी साचू नये म्हणून. या भोकाची आठवण ठेवा.

मला विकत घेतले सुखदेव आणि राधाबाई यांनी. ते पाटबंधारे खात्यात, त्या आरोग्यसेविका. चैताली तेव्हा कडेवर होती. रविवारी सकाळी बुद्धविहार, तिथून मंडई, आणि भाजीच्या पिशव्यांनी भरून परत बिबवेवाडी. सिग्नलला लोक वाकून बघत. शाळेची मुले हात हलवत. राधाबाई माझ्यात बसून त्यांना हात हलवत, एखाद्या मिरवणुकीत बसल्यासारख्या.

एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. उजवीकडे वळताना मी रस्त्याला घट्ट चिकटते. डावीकडे वळताना मात्र माझे चाक उचलले जाते. आत बसलेल्या माणसाने तेव्हा डावीकडे, बाहेरच्या बाजूला झुकायचे असते. नाहीतर गाडी उजवीकडे कलंडते. म्हणून सुखदेवांनी एक सवय लावून घेतली होती. डावे वळण आले की ते आधी म्हणायचे,

"डावं."

आणि राधाबाई झुकायच्या. बोलता बोलता, पेरू खाता खाता, एकदा तर भांडण चालू असताना. "तुमच्या बहिणीचं मला काही सांगू नका." "डावं." झुकल्या. "तर मी काय म्हणत होते."

*

सोसायटी आली, पार्किंग आले. कुणीतरी माझ्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्या टाकू लागले. सुखदेवांनी पाटी लिहून माझ्यावर चिकटवली: यात माणूस बसतो. कचरा आपापल्या घरी सांभाळावा.

कचरा थांबला. पाटी राहिली.

शेवटच्या वर्षी राधाबाई हलक्या होत गेल्या. घरात ते कुणी बोलत नव्हते. डॉक्टरांकडे जातानाही दोघे भाजीच्या भावावर बोलायचे. पण माणूस बसला की स्प्रिंग किती दबते ते मला कळते. ती दर आठवड्याला कमी दबत होती. एका रविवारी दबली न दबली अशी झाली. त्यानंतर राधाबाई आल्या नाहीत.

*

सुखदेव एकटे निघाले तेव्हा पहिल्याच डाव्या वळणाला माझे चाक हवेत गेले. ते कसेबसे सावरले. गुलटेकडीला मार्केट यार्डाजवळ मच्छिंद्रचे गॅरेज आहे. मच्छिंद्र मूळचा उंड्रीचा. लहानपणी तिथे त्यांची शेती होती. आता तिथे टॉवर आहेत आणि त्याला गाड्या आवडतात.

"काका, रिकामी नका पळवू हिला. वजन लागतंय," तो म्हणाला. "वाळूची गोणी ठेवा. बाईंच्या वजनाइतकी."

"किती?" सुखदेवांनी विचारले.

मच्छिंद्रने एक रिकामी गोणी झटकली. "अंदाजानं घालू, काका."

गोणी उभी ठेवली. मागे निळी उशी खोचली. पावसाळा तोंडावर होता, वाळू भिजली असती, म्हणून सुखदेवांनी राधाबाईंचा पिवळा रेनकोट गोणीवर चढवला. बटणे लावली. टोपी वर ओढली.

मित्रांनो, त्यात दुसरा काही विचार नव्हता. वाळू भिजू नये, एवढाच. पण मागून पाहिले तर कुणीतरी बसले होते.

मंडईत वेणूबाई पालेभाजी विकतात. राधाबाई गेल्याचे त्यांना माहीत होते, घरी भेटूनही गेल्या होत्या. तरी पहिल्या रविवारी आम्ही दिसताच त्या लांबून ओरडल्या, "राधाबाई, चाकवत आलाय बघा आज!" आणि लगेच पदर तोंडाला लावला. सुखदेवांनी चाकवत घेतला. वेणूबाईंनी कोथिंबिरीची जुडी माझ्यात, कोटाच्या पायाशी टाकली. नंतर दर रविवारी टाकत. पैशांचे दोघेही काही बोलत नसत.

आणि वळण आले की सुखदेव म्हणत,

"डावं."

गोणी झुकत नाही. गोणीला कान नसतात. तरी त्यांनी "डावं" म्हटले की माझी स्प्रिंग दबायची. डाव्या वळणाला स्प्रिंग सैल पडते, दबत नाही. माझी दबायची. का, ते मला कळत नव्हते.

*

चैताली खराडीत नोकरी करते. महिन्यातून दोनदा घरी येते. पार्किंगमधून जाताना ती माझ्याकडे बघत नसे. एकदा लिफ्टपाशी तिने विचारले, "बाबा, तो कोट कधी काढणार?"

"पाऊस संपला की."

पाऊस संपला. हिवाळा आला. कोट तसाच. चैताली त्याला हात लावत नव्हती, कारण तिला भीती वाटायची. सुखदेव लावत नव्हते, कारण त्यांना ते बरे वाटत नसे. बाईमाणसाच्या कोटाची बटणे अशी पार्किंगमध्ये, चारचौघांत कोण उघडणार? हे दोघेही एकमेकांना बोलले नाहीत.

आत गोणपाट कुजत होते. एक उसवलेला कोपरा बरोबर माझ्या भोकावर आला होता. दर खड्ड्याला चिमूटभर वाळू खाली जायची. पुण्यात खड्ड्यांची कमी नाही. कोट मात्र ताठ बसून होता, वाळलेल्या गोणपाटावर आणि मागच्या उशीवर.

ती रोज थोडी थोडी हलकी होत होती. मला कळत होते. दुसऱ्यांदा.

*

मग एके दिवशी मार्केट यार्डाच्या गेटापाशी एक टेम्पो आडवा आला. सुखदेवांनी ब्रेक मारला, टेम्पोवाल्याला दोन शब्द सुनावले, आणि रागाच्या भरात तसेच डावीकडे वळले.

काही म्हणाले नाहीत.

माझे चाक उचलले गेले.

आभाळ.

गाडी उजव्या अंगावर. सुखदेवांचा हात तिच्याखाली. हमाल धावले. एक जण ओरडला, "अरे, आधी बाईंना काढा!" त्याने कोट धरून ओढला आणि कोट अलगद त्याच्या हातात आला, बाह्या लोंबकळत. त्याने तो टाकून दिला आणि मागे सरला.

*

उजव्या हाताला प्लॅस्टर. मी स्कूटरसकट मच्छिंद्रच्या गॅरेजात, ठोकठाक होऊन उभी. काही दिवसांनी बापलेक आले.

"ही साईडकार काढून टाका," चैताली म्हणाली. "बाबांना तीनचाकीच पाहिजे ना? दुसऱ्या भरपूर आहेत. आज बघूनच जाऊ."

सुखदेव म्हणाले, "गाडीचा दोष नाही. मी सांगितलं नाही त्या दिवशी. डावं म्हणालो नाही."

"कुणाला सांगणार होता, बाबा?"



मच्छिंद्रने कोट आणून टेबलावर ठेवला. शेजारी गोणपाट उलटे करून झटकले. मूठभर वाळू पडली. "काका, हे बघा. तुम्ही म्हणाला असता तरी ती पडलीच असती. आत कायच नव्हतं. नुसता कोट बसला होता."

सुखदेवांनी डाव्या हाताने ती वाळू गोळा केली. मग म्हणाले, "दाखव. काय काय आहे तुझ्याकडे."

गॅरेजामागे मोकळी जागा होती. हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून गाडी चैताली चालवणार आणि सुखदेव मागे बसून सांगणार असे ठरले. मी कोपऱ्यातून बघत होते. माझे भवितव्य ठरत होते आणि मला मत नव्हते.

पहिली. पुढे एक चाक, मागे दोन रुंद. रिक्षाची धाकटी बहीण. सामान खूप मावते, उभी राहते तशीच उभी राहते. पण ती वळताना झुकत नाही. चैतालीने जरा वेगात वळवली आणि सुखदेव मागच्या मागे बाहेर फेकल्यासारखे झाले. "ही कांद्यासाठी आहे," ते उतरत म्हणाले. "माणसासाठी नाही. आणि मंडईच्या गल्लीत हिची मागची ढुंगणं कुठं घालायची?"

"बाबा!"

"खरं ते बोललो."

दुसरी एका गिऱ्हाइकाची, दुरुस्तीला आलेली. पुढे दोन चाके, मागे एक. पुढची दोन्ही चाके वळणात आपोआप झुकतात. ब्रेक मारला तर जागच्या जागी थांबते. चैतालीला ती फारच आवडली. "बाबा, काय स्मूद आहे ही!" सुखदेवांनाही वळण सुखाचे गेले. पण भिंतीपाशी आल्यावर ती मागे घ्यायची होती. रिव्हर्स नाही. चैतालीने ढकलली, मच्छिंद्रने ढकलली, हलेना. "आमच्या पार्किंगमध्ये रोज दोन माणसं ठेवावी लागतील," सुखदेव म्हणाले. "एक ढकलायला, एक पार्ट शोधायला."

तिसरी साधी स्कूटर, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक छोटे चाक जोडलेले. चाके खरे तर चार, पण सगळे तिला तीनचाकीच म्हणतात. सिग्नलला पाय टेकवावा लागत नाही. हलकी, गिअर नाही, गल्लीत मावते. खोट एकच. तिच्या चाकांच्या तीन रेघा. पुढच्याने खड्डा चुकवला तर बाजूचे पडते. उतरत्या रस्त्यावर ती खालच्या अंगाला ओढते. सुखदेव तिच्यावर दोन फेऱ्या बसले. काही बोलले नाहीत. म्हणजे बरी होती.

"मग ही फायनल?" चैताली म्हणाली.

"मागे बसलेल्याचं तोंड दिसत नाही," सुखदेव म्हणाले. "तिघींतही."

चैताली हसणार होती. हसली नाही. कोटाकडे बघत राहिली. मग तिने टेबलापाशी जाऊन तो उचलला. आपल्या हाताने, पहिल्यांदाच. झटकला. खिशात हात घातला, बाहेर काढला. कोथिंबिरीची वाळलेली काडी.

"रोजच्याला ती तिसरी घे," सुखदेव म्हणाले. "हात बरा झाला की चालवीन. ही..." त्यांनी माझ्याकडे बोट केले नाही. "ही रविवारची."

"रविवारी चालवणार कोण?"

"तुला येते की गिअरची. कॉलेजात असताना शिकली होतीस."

"आणि वजन? परत गोणी? मी गोणी घेऊन जाणार नाही, बाबा. सांगून ठेवते."

मच्छिंद्र पान्हे पुसत होता. "काका हायेत की वजनाला."

"मी नाही बसणार त्यात," सुखदेव झटकन म्हणाले. "मला नको."

"आईची जागा म्हणून?"

 चैतालीने कोट घडी करून त्यांच्या डाव्या हातावर ठेवला आणि माझ्या स्कूटरवर येऊन बसली. किक मारली. वाट बघत राहिली. मागे कुणाचा तरी टेम्पो हॉर्न वाजवू लागला. "अहो आजोबा, बसताय का उचलून ठेवू?" टेम्पोवाला म्हणाला.

सुखदेव बसले.

आता खड्ड्याचे सांगते. माझ्या आतल्या पत्र्याला, पुढच्या बाजूला, एक जुना खड्डा आहे, गुडघा टेकून टेकून पडलेला. राधाबाई ठेंगण्या होत्या. त्यांचे गुडघे तिथवर कधी पोचले नाहीत. चैतालीने लहानपणी त्या खड्ड्यात चिंचोके ठेवले होते, पण तो कुणाचा हे तिला ठाऊक नव्हते. सुखदेव बसले आणि त्यांचा गुडघा न शोधता त्यात जाऊन बसला.

आम्ही गॅरेजातून निघून मार्केट यार्डाच्या गेटापाशी आलो. तेच डावे वळण आले. चैतालीला ती सवय नव्हती. ती काही बोलली नाही.

सुखदेव झुकले. डावीकडे, बाहेरच्या बाजूला, कोट छातीशी धरून.

माझे चाक रस्त्यावर राहिले. स्प्रिंग दबली. एका माणसाला दबते त्यापेक्षा थोडी जास्त दबली. प्लॅस्टरचे वजन धरले, तरीही.

*

मित्रांनो, मी पत्रा आहे. मला उपदेश शोभत नाही. पण तुमच्या घरी अशी एखादी वस्तू असेल, जिला सगळे वळसा घालून जातात. बंद पेटी असेल, खुंटीवरचा सदरा असेल. तिला हात लावा. बटणे उघडा. आत काय उरले आहे ते बघा. घाबरलात तर दोघांनी मिळून बघा. आणि पार्किंगमध्ये माझ्यासारखी कुणी दिसली, तर तिच्यात कचरा टाकू नका. पाटी अजून आहे. यात माणूस बसतो.

गाडी घेतली तेव्हा चालवण्याचा परवाना फक्त राधाबाईंकडे होता, आणि पहिली काही वर्षे माझ्यात बसून झुकायचे ते सुखदेव.