झामिलेच्या अक्षरात

नोसिसाने बॅगेतून तपकिरी कोट काढला, झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"बाह्या लांब वाटतायत. घालून बघू दे त्याला. कुठं उलथलाय हा झामिले? बहिणीला आणायला विमानतळावर यायला काय झालं होतं?"

धाकटी बहीण बुयेल्वा स्टोव्हवरच्या मक्याच्या लापशीत डाव फिरवत होती. लापशी केव्हाच घट्ट झाली होती.

"सिसी, आधी बस."

"भावाला बघितल्याशिवाय नाही बसायची."

सव्वीस वर्षांपूर्वी नोसिसा गायला म्हणून स्टॉकहोमला गेली, तिथल्या सभेत दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सरकारविरुद्ध बोलली आणि तिचा पासपोर्ट रद्द झाला. आईच्या मातीलाही तिला येता आलं नाही. आता बंदी उठल्यावर ती पहिल्यांदाच घरी आली होती. एका पाद्र्यामार्फत चोरून येणारी झामिलेची पत्रं, एवढंच काय ते इतकी वर्षं तिचं घर. प्रत्येक कार्यक्रमात ती सांगे, 'शेवटचं गाणं पोर्ट एलिझाबेथच्या माझ्या भावासाठी.'

बुयेल्वाने स्टोव्ह विझवला.

"झामिले गेला, सिसी. तेरा वर्षं झाली. घरात तुझ्या गाण्यांची बंदी घातलेली रेकॉर्ड सापडली म्हणून पोलिसांनी नेला. चौथ्या दिवशी म्हणाले, जिन्यावरून पडला."

नोसिसा हसली. हसू आलं नव्हतं, तोंडच तसं झालं.

"काहीतरीच काय! मार्चमध्ये त्याचं पत्र आलंय मला."

"ते मी लिहिलं."

"त्याचं अक्षर मी ओळखत नाही होय?"

"त्याच्या शाळेच्या वह्या गिरवून शिकले. आईनं बसवलं मला. म्हणाली, एक लेकरू मातीत गेलं, आता दुसरीचा गळा बसायला नको. तिला गाऊ दे."

 नोसिसा भिंतीला टेकत फरशीवर बसली. किती गावं, किती सभागृहं. 'माझ्या भावासाठी' म्हटल्यावर माणसं उठून टाळ्या वाजवायची. तिने दोन्ही हात कानांवर दाबले. बऱ्याच वेळाने काढले.

"सगळीच पत्रं?"

"तेरा वर्षांतली सगळी."

"आणि ते? न कळवता लग्न केलंस, घरचे मेले का तुला, असं लिहिलेलं? ते आईनं सांगितलं होतं?"

"नाही." बुयेल्वा डावाकडे बघत म्हणाली. "ते माझं होतं."

नोसिसाने मान वर केली. सकाळपासून बहिणीकडे तिने आता कुठं नीट पाहिलं. पुढचे दोन दात पडलेले, केस पांढरे. प्रत्येक पत्राच्या तळाशी नोसिसा एक ओळ लिहायची, 'बुयेल्वा बरी आहे ना?' आणि झामिलेच्या अक्षरात उत्तर यायचं, 'बरी आहे.'

"बरी होतीस?" तिने विचारलं.

"नाही," बुयेल्वा म्हणाली.

बाहेर चर्चच्या बायका जमल्या होत्या. त्यांनी स्वागताचं गाणं धरलं. नोसिसा भिंतीला धरून उठली आणि तिने दार लावून घेतलं.