न पडलेले दगड

छपरावरून घरंगळत आलेला दगड पुष्पलताबाईंनी उचलला, उलटा केला आणि चटकन मूठ मिटली. दगडाच्या खालच्या अंगाला नखपॉलिशचा लाल ठिपका होता. इंदूबाईंच्या मागच्या अंगणातल्या दगडांना असे ठिपके काल पुष्पलताबाईंनीच गुपचूप लावले होते.

पंधरवडाभर इंदूबाईंच्या टिनाच्या छपरावर दगड पडत होते. गेल्या वर्षी वारलेले गणपतराव बायकोला भेटायला येतात, असं गल्लीनं ठरवूनही टाकलं होतं. एरवी जिच्या दारी चिटपाखरूही फिरकत नसे, तिच्या ओसरीत आता माणूस मावेना. कुणी चिवडा आणी, कुणी आपला कूलरच उचलून आणी. शेवटी या भानामतीचा छडा लावायला कॉलेजातून निवृत्त झालेल्या आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या फिजिक्सच्या पुष्पलताबाईंना बोलावणं गेलं.

"मॅडम, सापडलं काय?" शेजारच्या दुर्गेशनं विचारलं.

"सापडलं. आता दगड पडणार नाहीत."

"कोण होतं?"

"ते सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"मंग एकदाचं सांगून टाका ना, जगात भूतबित काही नसते म्हणून."

"जगाचं मला माहीत नाही. या छपराचं तेवढं सांगते."

उत्तर फारच छोटं निघालं म्हणून लोक हिरमुसले आणि पांगले. दुर्गेश आपला कूलर घेऊन गेला.

आत येऊन पुष्पलताबाईंनी दगड ओट्यावर ठेवला. इंदूबाईंनी लाल ठिपका पाहिला आणि कप पुसत राहिल्या.

"तेरवीनंतर कोणी आलंच नाही," त्या म्हणाल्या. "पहिला गोटा तं मी कुत्र्याले हाणला होता. तो छपरावर पडला. सारे धावत आले."

पुष्पलताबाईंनी ठिपका खाली जाईल असा दगड उलटा ठेवला.

"मॅडम, मेलेला माणूस येत नाही, असं विज्ञान म्हणते काय?"

"विज्ञान म्हणतं, दगड पडला तर टाकणारा हात शोधा. तेवढंच. कोणी येत नाही, हे मी म्हणते. त्याला माझ्याजवळ पुरावा नाही."

घरी येऊन त्यांनी कुलूप उघडलं. यजमान वारल्यापासून कुलूप त्याच लावत आणि त्याच उघडत. इंदूबाईंना निदान दगड तरी सुचला, असं त्यांच्या मनात आलं आणि फार एकटं वाटलं. त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला तर दगड मारायला छप्परही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर त्या पुन्हा गल्लीत आल्या. ओसरी रिकामी होती. इंदूबाई एकट्याच बसल्या होत्या.

"आता तं दगड पडत नाही," त्या गोंधळून म्हणाल्या. "काहून आल्या?"

"पडत नाही, हेही तपासावं लागते."

इंदूबाईंनी एकदा वर छपराकडे पाहिलं.

"किती दिवस?"

"अशा कामात घाई नाही चालत," म्हणत पुष्पलताबाईंनी चपला काढल्या.